आधी बॅकग्राउंड ठरवा, मग हिरवा पडदा लावा

भाचीचा एक फोटो माझ्या लॅपटॉपमध्ये अजून आहे, मुद्दाम डिलीट केला नाही. हिरव्या पडद्यासमोर काढून, कॉम्प्युटरवर तो हिरवा कापून मागे दुसरं दृश्य बसवलेला. कुरळे मोकळे सोडलेले केस, मागे डोंगर आणि संध्याकाळचं आकाश, लांबून बघितला तर छान वाटतो पण जरा झूम केलं की केसांच्या कडेला शेवाळ धरल्यासारखी हिरवट किनार दिसते, हनुवटीखालीही तोच रंग, आणि आकाशात सूर्य उजवीकडे मावळतोय तर तिच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून, तोही पांढराफटक. तिनेच विचारलं होतं, "मावशी, हे खोटं का दिसतंय गं?" मी म्हटलं कटिंग नीट झालं नाही, परत करते. मग तीन संध्याकाळी बसून केसांची एकेक बट मास्कमध्ये (म्हणजे फोटोतलं काय दिसेल आणि काय लपेल ते ठरवणाऱ्या थरात) साफ केली, कडा खरंच स्वच्छ झाल्या, आणि फोटो तरीही खोटाच दिसत राहिला.

तेव्हापासून ग्रीन स्क्रीनवर मी भरपूर फोटो काढलेत आणि आता माझं मत पक्कं झालंय, की फोटो खोटा दिसतो तो कटिंगमुळे कमी आणि लाईटमुळे जास्त. आपण आधी पडदा लावतो, माणूस उभा करतो, छान सॉफ्ट लाईट टाकतो, फोटो काढतो, आणि मग मागे काय टाकायचं ते शोधत बसतो. हा क्रमच उलटा आहे. बॅकग्राउंड आधी ठरलेलं पाहिजे, कारण माणसावर लाईट कुठून टाकायचा, कॅमेरा किती उंचीवर ठेवायचा, हे सगळं तो बॅकग्राउंडचा फोटो सांगतो. एकदा फोटो काढून झाला की सॉफ्टवेअरमध्ये मागचं सगळं बदलता येतं, पण नाकाची सावली कुठल्या गालावर पडली ते नाही बदलता येत.

पण आधी हिरवाच का ते सांगते, कारण यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. माणसाच्या त्वचेत, मग ती गोरी असो सावळी असो, लाल जास्त आणि हिरवा-निळा कमी असतो, त्यामुळे हिरवा आणि निळा हे दोन रंग त्वचेपासून सहज वेगळे काढता येतात. फिल्मच्या जमान्यात निळा पडदा जास्त चालायचा. डिजिटल आलं तसा हिरवा पुढे आला आणि त्याचं कारण सेन्सरमध्ये आहे. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी सेन्सरवर रंगीत फिल्टरची जी मांडणी केली, जिचं पेटंट १९७६ साली मिळालं, तिच्यात दर चार ठिपक्यांमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो. म्हणजे कॅमेऱ्याकडे हिरव्याची माहिती लाल किंवा निळ्यापेक्षा दुप्पट. कडा त्यामुळे जास्त स्वच्छ मिळते, नॉइज म्हणजे दाणेदारपणा कमी येतो, आणि हिरवा पडदा उजळायला लाईटही कमी लागतो. निळा आजही कामाचा आहे, समोरच्याने हिरवे कपडे घातले असतील किंवा मागे रात्रीचा सीन टाकायचा असेल तर मी निळाच लावते, कारण कडेला थोडा निळा राहिला तरी रात्रीच्या फोटोत तो खपून जातो, हिरवा कुठेच खपत नाही. फक्त निळ्यासमोर जीन्स नको, पाय गायब होतात.

आणि हे रंगाचं प्रकरण खरं तर कापडाचं नाहीच, लाईटचं आहे, हे मला पटलं ते सोडियम व्हेपर पद्धतीबद्दल वाचल्यावर. १९६४ च्या मेरी पॉपिन्समध्ये ती वापरलीय. मागे पांढरा पडदा, त्याच्यावर सोडियमच्या दिव्यांचा पिवळा उजेड, जो जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, सुमारे ५८९ नॅनोमीटर, आणि कॅमेऱ्याच्या आत एक खास प्रिझम जो तेवढाच पिवळा बाजूला काढून दुसऱ्या फिल्मवर टाकायचा. म्हणजे एकीकडे माणसाचा रंगीत शॉट आणि दुसरीकडे त्याचा तयार मास्क, दोन्ही एकदमच. टोपीवरची पातळ जाळीसुद्धा त्यात नीट येते. पडदा रंगवलेला नाही काही नाही, पडद्यावरचा उजेड आणि माणसावरचा उजेड एकमेकांत मिसळू दिला नाही, बस. आपल्याला घरी तो प्रिझम मिळणार नाही पण धडा तोच आहे, पडद्याचा लाईट पडद्याचा आणि माणसाचा लाईट माणसाचा.

यासाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे अंतर. माझ्या पहिल्या फोटोत भाची पडद्याला जवळजवळ टेकून उभी होती, कारण खोली लहान आणि मला वाटलं कापड फ्रेमच्या बाहेर संपायला नको. झालं काय की हिरव्या कापडावरून परतलेला उजेड थेट तिच्या मानेवर, कानांवर, केसांवर पडला. यालाच स्पिल म्हणतात. आता मी कमीत कमी दोन मीटर पुढे उभं करते, जमलं तर अजून पुढे, आणि कापड कडेला कमी पडलं तर पडू देते! पडदा पूर्ण फ्रेमभर असायची काही गरजच नाही, माणसाच्या आजूबाजूला वीतभर हिरवं असलं की पुरे, बाकीची भिंत, लाईटचे स्टँड, खिडकी जे काय दिसेल ते सरळ मोठ्या सिलेक्शनने उडवून टाकायचं. हे एक कळलं आणि माझी लहान खोलीची अडचणच संपली.

अंतराचा दुसरा फायदा असा की माणसाचा लाईट पडद्यापर्यंत पोचताना पार मंदावतो. समजा लाईट चेहऱ्यापासून एक मीटरवर आहे आणि पडदा चेहऱ्यामागे दोन मीटरवर, तर लाईटपासून पडदा तीन मीटर झाला, म्हणजे तिथे चेहऱ्याच्या साधारण नवव्या हिश्श्याइतकाच उजेड पोचतो, तीन स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जरा जास्तच फरक. सावलीही पडद्यावर पडत नाही, पडली तरी इतकी फिकट की त्रास नाही. मग पडद्याला त्याचे स्वतःचे दोन लाईट द्यायचे, दोन्ही बाजूंनी तिरपे, साधारण ४५ अंशात, आणि ते माणसावर पडणार नाहीत असे वळवायचे. पडदा सगळीकडे सारखा उजळला पाहिजे हे महत्त्वाचं. मी एक टेस्ट फोटो काढून चार कोपरे आणि मधला भाग आयड्रॉपरने (रंगाचे आकडे दाखवणारं टूल) तपासते, अर्ध्या स्टॉपच्या आत फरक असेल तर पुढे जाते.

आणि पडदा झगमगीत उजळायचा नाही! ही चूक मी बऱ्याच जणांना करताना बघते. वाटतं की जितका चमकदार हिरवा तितकं कटिंग सोपं, पण जास्त एक्सपोज झाला की हिरवा फिकट होत पांढऱ्याकडे जातो आणि स्पिल वाढतो ते वेगळंच. चेहऱ्याच्या एक्सपोजरइतका किंवा त्याहून अर्धा-एक स्टॉप कमी, इतपत ठेवा, रंग गडद आणि भरलेला दिसला पाहिजे.

कापडाबद्दल फार लिहीत नाही, चमक नसलेलं घ्या, मागची भिंत दिसेल इतकं पातळ नको, ताणलं जाणारं असेल तर उत्तम, चारी बाजूंनी चिमटे लावून ताणून बसवा, आणि वापरून झालं की घडी न घालता पाइपवर गुंडाळून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी चुण्या नाहीत. चुणी म्हणजे एक उजळ रेघ आणि शेजारी एक काळी रेघ, सॉफ्टवेअरला ते दोन वेगळे हिरवे वाटतात.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये माझा आग्रह एकाच गोष्टीचा, रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. जेपेगमध्ये दर रंगाला ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, आणि वर बऱ्याचदा रंगाची माहिती अजून दाबलेली असते, चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. डोळ्याला ते कळत नाही कारण आपल्याला उजेडातला फरक बारीक दिसतो, रंगातला तितका नाही. पण आपलं अख्खं कटिंग रंगावरच चाललंय ना, त्यामुळे केसांच्या कडेला पायऱ्या पायऱ्या दिसायला लागतात. रॉ मध्ये १२ किंवा १४ बिट मिळतात आणि रंग असा दाबलेला नसतो. जेपेगच काढावं लागलं तर कॅमेऱ्यातलं शार्पनिंग कमी करून टाका, नाहीतर माणसाभोवती पांढरी रेघ येते आणि ती काढता काढता जीव जातो. अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ५.६ ते ८ च्या दरम्यान, म्हणजे कान आणि केसांची टोकं शार्प येतात. कडा ब्लर झाली की केस आणि हिरवा एकमेकांत मिसळून जातात आणि मग काय केस आणि काय पडदा हे कोणी सांगू शकत नाही. बॅकग्राउंड ब्लर नंतर करता येतोच.

आता मूळ मुद्द्याकडे येते. बॅकग्राउंड निवडलं की मी ते लॅपटॉपवर उघडून लाईटच्या शेजारी ठेवते आणि त्यात तीन गोष्टी शोधते. उजेड कुठून येतोय, सावल्यांची कडा कडक आहे की विरघळलेली, आणि क्षितिज कुठे आहे.

उजेडाची दिशा तर कोणालाही समजते, झाडाची सावली डावीकडे पडली असेल तर लाईट उजवीकडून. पण कडकपणा लोक विसरतात. भर दुपारच्या उन्हातलं बॅकग्राउंड आणि माणसावर मात्र मोठ्या सॉफ्टबॉक्सचा (दिव्यावर लावायची पांढऱ्या कापडाची पेटी) लोण्यासारखा लाईट, हे कधीच जुळत नाही, कितीही रंग बदला. उन्हासारखं पाहिजे तर लाईट उघडा ठेवून लांब न्यावा लागतो. म्हणून नवीन शिकणाऱ्यांना मी सांगते की ढगाळ दिवसाचं बॅकग्राउंड घ्या, तिथे सगळीकडून मऊ उजेड असतो आणि सावली जवळजवळ नसतेच, घरच्या लाईटशी पटकन जमतं. संध्याकाळचं हवं असेल, जसं भाचीला हवं होतं, तर मुख्य उजेड मागून आणि बाजूने, नारिंगी जेल (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद) लावून, आणि समोरून अगदी थोडा निळसर भरायला. म्हणजे केसांच्या कडेवर नारिंगी किनार येते आणि गंमत म्हणजे ती किनार हिरव्या स्पिलला बऱ्यापैकी खाऊनच टाकते.

क्षितिजाचं गणित जरा जवळून सांगते कारण ते कळल्यावर माझे अर्धे फोटो सुधारले. सपाट जमिनीवर काढलेल्या कुठल्याही फोटोत क्षितिजाची रेघ कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. म्हणजे कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर होता तर त्या फोटोत जवळ उभा असलेला माणूस असो की लांब, क्षितिज सगळ्यांना दीड मीटरवरच कापणार, साधारण हनुवटीच्या आसपास. आता मी स्टुडिओत खाली बसून, कमरेच्या उंचीवरून फोटो काढला आणि तो या बॅकग्राउंडवर ठेवला तर कुठेही ठेवा, कितीही लहानमोठा करा, माणूस एकतर राक्षस दिसतो नाहीतर जमिनीवर तरंगतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे त्याला लगेच कळतं. त्यामुळे बॅकग्राउंडमध्ये क्षितिज माणसाच्या कुठल्या भागावर येणार ते आधी बघायचं आणि कॅमेरा त्याच उंचीवर लावायचा. समुद्राचे फोटो यासाठी सरावाला फार छान, रेघ स्पष्ट दिसते.

कटिंगला तुम्ही काय वापरता ते वापरा. फोटोशॉपमध्ये कलर रेंजने हिरवा उचलून, उलटा करून लेअर मास्क, मग सिलेक्ट अँड मास्कमध्ये केसांवर रिफाइन ब्रश. जिम्पमध्ये कलर टू अल्फा आहे. एकच सांगेन की इरेझरने पुसू नका, मास्कच करा, चूक झाली तर परत येता येतं.

आणि स्पिल राहिलाच तर? इथे सगळे जण ग्रीनचं सॅच्युरेशन शून्य करून मोकळे होतात आणि मग कडेला राखाडी, आजारी माणसासारखी त्वचा दिसते. मी काय करते ते आकड्यांत दाखवते. भाचीच्या त्या जुन्या फोटोत जबड्याच्या कडेचा एक पिक्सेल मी आयड्रॉपरने घेतला होता, लाल १७२, हिरवा १८१, निळा १२८. त्वचेत लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा असा उतरता क्रम असतो, इथे हिरवा लालाच्याही वर गेलाय, म्हणजे तो पडद्याकडून आलेला. लाल आणि निळ्याची सरासरी काढा, १५०. हिरवा तेवढ्यावर आणून ठेवला की १७२, १५०, १२८ होतं, आणि ही अगदी खरी, उबदार त्वचा दिसते, शेजारच्या गालाशी बेमालूम जुळणारी. हिरव्याने सरासरीच्या वर जायचं नाही हा साधा नियम आहे आणि बरेच क्रोमा कीचे (रंगावरून पडदा काढून टाकणारे) प्लगइन आतून हेच किंवा याच्या जवळचं काहीतरी करतात. प्लगइन नसेल तर वर एक नवीन लेअर घ्यायचा, ब्लेंड मोड कलर, गालाचा रंग उचलायचा आणि मऊ ब्रशने कडेवर हलकेच फिरवायचा. उजेड-सावली तशीच राहते, फक्त रंग बदलतो. केसांना केसांचा रंग उचलून तेच.

कटिंगनंतर एक छोटी गोष्ट मी नेहमी करते, बॅकग्राउंड फार उजळ असेल तर त्याचाच थोडा ब्लर केलेला उजेड माणसाच्या कडेवर आत येऊ देते, एक-दोन टक्के. खऱ्या फोटोत मागचं आकाश केसांवर थोडं सांडतंच. आणि शेवटी दोघांवर मिळून एकच ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदार पोत. बॅकग्राउंड मोबाइलवर काढलेलं आणि माणूस चांगल्या कॅमेऱ्यावर, असं असलं तर ग्रेनशिवाय ते दोघं वेगवेगळ्या कागदावरचे वाटतात.

आता कोणी विचारेल की हे सगळं कशाला, एआय एका क्लिकमध्ये बॅकग्राउंड काढतं. काढतं, आणि चांगलं काढतं, मीही वापरते. पण ते केसांच्या जागी अंदाज लावतं, कानाजवळची बट खाऊन टाकतं नाहीतर दोन बटांमधली भिंत तशीच ठेवतं, मोबाइलवर कळत नाही पण प्रिंट काढली की दिसतं. आणि लाईटचं, क्षितिजाचं जे वर सांगितलं ते क्लिकने आपोआप जुळत नाही.

उलट मी असं म्हणेन की एकट्या माणसाचा पोर्ट्रेट काढायचा असेल तर हिरव्याचा हट्टच धरू नका. व्हिडिओत सेकंदाला २४-२५ फ्रेम असतात, प्रत्येक फ्रेम हाताने कोण कापणार, तिथे हिरवा पडदा फार कामाचा. पण फोटो एकच असतो. साधा मधल्या करड्या रंगाचा पडदा लावला तर स्पिल येतोच पण करडा येतो, तो त्वचेवर दिसत नाही, आणि काळे केस उजळ आकाशावर ठेवायचे असतील तर केसांचा भाग पांढऱ्या किंवा फिकट पडद्यावर काढून मल्टिप्लाय मोडमध्ये (पांढरं गायब होतं, गडद तेवढं उरतं) ठेवला की एकेक केस आपोआप खाली उतरतो, मास्क न करता. चष्मा, काच, चकचकीत दागिने यांना तर करडाच बरा, हिरवा त्यांच्यात आरशासारखा दिसतो. हिरव्याची खरी मजा तेव्हा, जेव्हा चाळीस-पन्नास जणांचे फोटो एकाच बॅकग्राउंडवर करायचे असतात. लाईट हलवायचा नाही, कॅमेरा हलवायचा नाही, व्हाईट बॅलन्स लॉक, आणि एकदा अॅक्शन (एडिटिंगच्या पायऱ्यांची मालिका) रेकॉर्ड केली की सगळ्यांवर चालते. तिथे हिरव्यासारखं सुख नाही.

भाचीचा फोटो मी परत काढला, वर सांगितलं तसाच, आधी आकाश निवडून. उजवीकडून मागून नारिंगी लाईट, कॅमेरा तिच्या हनुवटीच्या उंचीला, ती पडद्यापासून अडीच मीटर पुढे. कटिंगला या वेळी वीस मिनिटंही लागली नाहीत. तो कमरेपर्यंतच आहे, कारण पावलांची सावली हे अजून वेगळंच काम आहे, बुटाच्या अगदी खाली काळी आणि कडक, जरा पुढे गेली की फिकट आणि विरघळलेली, आणि मोकळ्या आकाशाखाली किंचित निळसर, हे तिन्ही ब्रशने रंगवून खरं दिसेल असं मला सातत्याने जमत नाही. त्यामुळे सध्या मी पायाखाली हिरवं कापड घेतच नाही, करडा कागद अंथरते, खरीच सावली त्यावर पडू देते आणि तेवढा भाग मल्टिप्लायने खाली उतरवते. पुढच्या आठवड्यात तिचा नाचाच्या कपड्यांतला पूर्ण उंचीचा फोटो काढायचाय, तेव्हा घुंगरांसकट पाय याच पद्धतीने करून बघणार आहे.